त्रिविध शर्यतीची सामग्री

पाण्यांतून निघून सायकलीवर बसावें आणि सायकलीवरून उतरून लागलीच धांवूं लागावें, असा ट्रायथ्लॉन नांवाचा एक खेळ आहे. त्यास त्रिविध शर्यत म्हणण्यास हरकत नाहीं. पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें हे तिन्ही व्यायाम जुनेच. परंतु मध्यें विसावा न घेतां ते एकास एक जोडण्याची कल्पना मात्र अलीकडची. ह्या नांवाची पहिली शर्यत अमेरिकेंत सान दिएगो येथें २५ सप्टेंबर १९७४ रोजीं झाली. पुढें १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं हवाई बेटांत पंधरा पुरुष सुमारें ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि ४२ किलोमीटर धांवणें असा प्रचंड पल्ला गांठण्यास निघाले. त्यांपैकीं बारा जणांनीं तो पुरा केला. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिक सामन्यांत ही शर्यत दाखल झाली, ती मात्र आटोपशीर मापानें : १५०० मीटर पोहणें, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धांवणें.

महाराष्ट्रास हा खेळ आतां परका राहिलेला नाहीं. नट म्हणून परिचित असलेले मिलिंद सोमण यांनीं २०१५ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतांना, झूरिक येथें लांब पल्ल्याची शर्यत पुरी केली. २०१९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर, निम्म्या पल्ल्याची आंतरराष्ट्रीय शर्यत भरली, तींत १.९ किलोमीटर पोहणें, ९० किलोमीटर सायकल आणि २१ किलोमीटर धांवणें होतें. अशा वार्ता वाचून भिवंडीसारख्या उद्योगी गांवांतील एखाद्या घरांत मुलानें, मुलीनें किंवा चाळिशी उलटलेल्या गृहस्थानें हा छंद धरण्याचें मनांत आणलें, म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो व्यायामाचा नव्हे, खरेदीचा. जाहिरातींतील यादी वाचून कित्येकजण हा श्रीमंतांचा खेळ म्हणून माघार घेतात. दुसरे कित्येक सगळीच यादी विकत घेतात, आणि चार महिन्यांनीं ती माळ्यावर चढते. दोघांचेंहि नुकसान एकाच अज्ञानामुळें होतें : कोणती वस्तु कशासाठीं आहे, हें त्यांना कोणीं सांगितलेलें नसतें.

ह्या बाबतींत एक सोपा क्रम ध्यानांत ठेवावा. जी वस्तु जीव राखते ती प्रथम घ्यावी. जी अंगास भिडते ती त्यानंतर, परंतु पारखून घ्यावी. जी केवळ कांहीं क्षण वांचविते ती सर्वांत शेवटीं घ्यावी, आणि बहुतेकांनीं ती न घेतली तरी चालेल. ह्या तीन पायऱ्यांवर कोणतीहि वस्तु ठेवून पाहिली म्हणजे तिची खरी किंमत कळते. दुकानांतील किंमत पुष्कळदां नेमकी उलट्या क्रमानें चढलेली असते.

प्रथम कपड्यांचा विचार करूं. यंत्रमागांच्या खडखडाटावर जगणाऱ्या भिवंडीस कापडाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. परंतु सदऱ्यास जें कापड उत्तम तें व्यायामास उत्तम असतेंच असें नाहीं. सुताचा धागा पाणी आपल्या पोटांत घेतो. प्रमाणभूत मानलेल्या हवेंत त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारें साडेआठ टक्के ओलावा त्यांत असतो. पॉलिएस्टरच्या धाग्यांत हें प्रमाण अर्धा टक्काहि भरत नाहीं. म्हणून सुती गंजीफ्रॉक घामानें भिजला कीं जड होतो, अंगास चिकटतो आणि त्वचा सोलवटतो. पॉलिएस्टरच्या कापडांत घाम धाग्यांमधल्या बारीक फटींतून, वातींत तेल चढावें तसा, बाहेरच्या बाजूस येतो आणि तेथून वाऱ्यानें उडतो.

मात्र अंग कोरडें ठेवण्याच्या जाहिरातींवर फार भिस्त ठेवूं नये. जून ते सप्टेंबरपर्यंतच्या दमट हवेंत कोणतेंहि कापड घाम पुरता वाळवूं शकत नाहीं, कारण हवेंतच ओलाव्यास जागा उरलेली नसते. कृत्रिम धाग्याचा खरा फायदा हलकेपणाचा आणि कमी घर्षणाचा. मागावरचें कापड ताण्या-बाण्याच्या सरळ धाग्यांचें असल्यामुळें फारसें ताणत नाहीं. होजिअरीचें कापड फांसाफांसांचें असल्यामुळें अंगाबरोबर ताणतें व परत जागेवर येतें. व्यायामास हें दुसरें बरें. विकत घेतांना कपडा उलटा करून शिवण बोटानें चाचपावी. काखेंत किंवा जांघेंत जाड शिवण येत असेल तर दुकानांत ती जाणवतहि नाहीं, परंतु तासाभराच्या धांवण्यांत तीच करवतीसारखी लागते. स्त्रियांनीं छातीस घट्ट आधार देणारी खेळाची चोळी प्रथमच घ्यावी. तिच्यावरचा खर्च चैनींत मोडत नाहीं.

आतां पोहण्याकडे वळूं. येथें सामग्रीच्या आधीं जागा निवडावी लागते. कामवारी नदीचें पाणी सांडपाण्यानें बिघडलेलें आहे. तें पोहण्यायोग्य नाहीं. १८९२ पासून मुंबईची तहान भागविणारा तानसा तलाव फार दूर नाहीं. परंतु तें पिण्याचें पाणी आहे, पोहण्याचें स्थळ नव्हे. म्हणून ठाण्यासारख्या जवळच्या शहरांतील देखरेखीचा तरणतलाव, हीच नवशिक्याची योग्य शाळा. शिक्षकाची फी ही ह्या खेळांतील पहिली सामग्री समजावी, कारण पाण्यांत वेग येतो तो मुख्यतः अंग आडवें व सरळ ठेवण्याच्या कसबानें. विकत घेतलेल्या वस्तूनें नव्हे.

वस्तु म्हणाव्या तर येथें तीनच पुरेत : पोहण्याचा पोषाख, चष्मा आणि टोपी. पोषाख अंगाबरोबर असावा. सैल कापडांत पाणी भरतें आणि तें माणसास मागें ओढतें. लायक्राचा ताण सुखद खरा, परंतु तलावांतील क्लोरीन त्याचा धागा लवकर खातें. रोज पोहणाऱ्यानें पॉलिएस्टरचें प्रमाण अधिक असलेला पोषाख घ्यावा आणि पोहून झाल्याबरोबर साध्या पाण्यांत खळबळून सावलींत वाळवावा. चष्म्याची परीक्षा अगदीं सोपी आहे. पट्टा डोक्यामागें न घेतां चष्म्याच्या वाट्या डोळ्यांवर हलकेंच दाबाव्या आणि हात सोडावा. दोन-तीन क्षण त्या आपल्या आपण चिकटून राहिल्या तर चष्मा त्या चेहऱ्याचा. लगेच गळून पडल्या तर तो कितीहि नामांकित असला तरी पाणी आंत घेणारच. पट्टा आवळून ही उणीव भरून निघत नाहीं. डोकें मात्र दुखतें. छपराखालीं किंवा पहांटे पोहणाऱ्यास स्वच्छ कांच बरी, भर उन्हांत काळसर. आंतल्या बाजूस वाफ न धरण्यासाठीं जो लेप असतो, तो बोटानें पुसूं नये. ज्यांना दूरचें कमी दिसतें त्यांच्यासाठीं नंबराचे तयार चष्मेहि मिळतात.

तलाव सोडून समुद्रांत किंवा मोठ्या जलाशयांत उतरावयाचें असेल तेव्हां टोपीचा रंग हा शोभेचा विषय राहत नाहीं. निळी, काळी अथवा पांढरी टोपी लाटांत दिसत नाहीं. नारिंगी किंवा भडक पिवळी दुरून दिसते. कमरेस दोरीनें बांधून मागें तरंगत ठेवावयाचा रंगीत फुगाहि मिळतो. तो मुख्यतः नावाड्यास पोहणारा दिसावा म्हणून असतो; कच्च्या पोहणाऱ्यास बुडण्यापासून वांचविण्याची जबाबदारी त्यावर टाकूं नये. आणि उघड्या पाण्यांत एकट्यानें कधींहि उतरूं नये.

यादींतील एक महाग वस्तु मात्र निःशंकपणें खोडावी. ती म्हणजे निओप्रीनचा वेटसूट. हा फेसाळ रबराचा पोषाख थंड देशांत अंगाची ऊब राखतो आणि तरंगण्यासहि मदत करतो. परंतु जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणें १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यांत पाण्याचें तापमान २२ अंशांहून अधिक असल्यास हौशी स्पर्धकांनाहि तो घालण्यास मनाई आहे. कोंकण-गोव्याचा समुद्र सहसा त्याहून ऊनच असतो. तेव्हां इकडील माणसास वेटसूट म्हणजे वैशाखांत घोंगडी.

सायकल ही ह्या तिघींत सर्वांत खर्चाची आणि सर्वांत धोक्याची बाब. म्हणून येथें सायकलीच्याहि आधीं शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट घ्यावें. त्याच्या आंतील थर थर्मोकोलासारख्या फेसाचा असतो. डोकें आपटलें कीं तो थर स्वतः चिरडतो आणि धक्का क्षणाच्या कांहीं अंशानें लांबवून सौम्य करतो. हें काम तो एकदांच करूं शकतो. म्हणून एकदां अपघातांत सांपडलेलें हेल्मेट वरून धड दिसलें तरी टाकून द्यावें, आणि दुसऱ्याचें वापरलेलें कधींहि घेऊं नये. तें भुवयांच्या वर दोन बोटांवर, सपाट बसावें. मागें कलंडलेल्या हेल्मेटानें कपाळ उघडें राहतें. हनुवटीखालचा पट्टा एक-दोन बोटें शिरतील इतकाच सैल ठेवावा.

त्यानंतर दिवे : मागें तांबडा, पुढें पांढरा. मानकोली, अंजूर फाटा ह्या बाजूस गोदामांकडे जाणाऱ्या मालमोटारींच्या रांगा असतात. अणगांव-अंबाडीवरून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरहि अवजड वाहनें चालतात. उंच बसलेल्या चालकास सायकलस्वार उशिरां दिसतो. चमकणाऱ्या पट्ट्या पाठीपेक्षां घोट्यांवर बांधल्यास अधिक उपयोगी पडतात, कारण वरखालीं होणारी चमक पाहतांच तो पाय मारणारा मनुष्य आहे हें ओळखूं येतें. सराव शक्यतों रविवारीं उजाडल्यावर, दोघांतिघांच्या संगतीनें करावा. ह्या सगळ्यास खर्च थोडा येतो, आणि त्याची जागा दुसरी कोणतीहि वस्तु घेऊं शकत नाहीं.

मग सायकल. पहिले दोन महिने घरांत असलेली कोणतीहि धड सायकल चालेल. ब्रेक लागत असले आणि चाकें सरळ फिरत असलीं म्हणजे झालें. छंद टिकतो असें दिसल्यावर नवी घ्यावी, आणि ती घेतांना रंगापेक्षां माप पहावें. अनवाणी उभें राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें आणि त्यास ०.८८३ नें गुणावें. जें उत्तर येईल तितकें अंतर पायडलांच्या मधल्या आंसापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावें, असा एक परिचित ठोकताळा आहे. उदाहरणार्थ, पायाची लांबी ८० सेंटिमीटर असेल तर हें अंतर सुमारें ७०.६ सेंटिमीटर येतें. दुसरी घरगुती रीत अशी : सीटवर बसून टांच पायडलावर ठेवावी, पायडल अगदीं खालीं असतांना गुडघा सरळ झाला तर उंची योग्य. सीट फार खालीं असल्यास गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण पडतो, फार वर असल्यास कंबर डुलते. हँडल धरतांना कोपर किंचित वांकलेलें असावें. मानेस रग लागत असेल तर ती सायकल माणसापेक्षां लांब आहे, असें समजावें.

सीट मऊ असली म्हणजे सुखाची, हा समज खोटा आहे. बसतांना टेकणाऱ्या दोन हाडांना आधार देईल इतकी ती रुंद असावी. स्त्रियांचीं तीं हाडें साधारणतः अधिक अंतरावर असल्यामुळें त्यांना रुंद सीट लागते. गादी असावयाची ती चड्डींत असावी. ही गादीची चड्डी अंतर्वस्त्र न घालतां वापरावयाची असते. तसें न केल्यास शिवणी टोचतात आणि तिचा हेतूच फसतो.

जाहिराती ज्यांवर भर देतात तीं खोल घेऱ्याचीं चाकें आणि कार्बनचे सांगाडे यांचा हिशेब थोडा निराळा आहे. ताशीं २० किलोमीटर वेगानें जातांना हवेचा जो विरोध होतो, तो ताशीं ४० च्या वेगांत चौपट होतो, आणि त्याच्याशीं झगडण्यास लागणारी शक्ति आठपट लागते. म्हणून वेगवान स्पर्धकांना हवा कापणारीं साधनें उपयोगी पडतात. हौशी नवशिका ताशीं वीस-बावीसच्या वेगानें जात असतो. त्यास हा लाभ नाममात्र. शिवाय ह्या विरोधाचा मोठा वाटा, सुमारें चार पंचमांश, सायकलीचा नसून वर बसलेल्या माणसाच्या अंगाचा असतो. कोपर वांकवून थोडें खालीं झुकण्यास कांहीं पैसे पडत नाहींत. वजनाचेंहि तसेंच. सत्तर किलोचा मनुष्य दहा किलोच्या सायकलीवर बसला तर सायकलीचें एक किलो कमी होणें म्हणजे एकूण ओझ्याचा ऐंशीवा हिस्सा. हँडलाच्या पुढें कोपर टेकण्यासाठीं ज्या लांब दांड्या लावतात, त्यांवर हात असतांना ब्रेक हातांपासून दूर राहतात. गर्दीच्या रस्त्यावर त्या वापरणें सरळसरळ धोक्याचें आहे. त्याऐवजीं खड्ड्यांच्या रस्त्यांस २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर घ्यावे. एक जादा ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या आणि लहान पंप जवळ ठेवावा, आणि पंक्चर झालेली ट्यूब बदलण्याचा सराव घरींच दोनतीनदां करावा.

धांवण्यास सामग्री एकच : बूट. १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिकमध्यें अबेबे बिकिला हा इथिओपियाचा वीर अनवाणी मॅरेथॉन जिंकला. चार वर्षांनीं टोकियोस तीच शर्यत त्यानें बूट घालून जिंकली. बुटानें धांवणारा घडत नाहीं, एवढें यावरून दिसतें. परंतु डांबरी व सिमेंटच्या रस्त्यावर, कांच-खिळ्यांत धांवणाऱ्या गृहस्थास बूट हवाच. धांवतांना प्रत्येक पावलास शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो.

पायाची कमान उंच कीं सपाट हें पाहून बूट ठरवावा, असें दुकानांतून आवर्जून सांगितलें जातें. अमेरिकन सैन्यांत नव्या शिपायांवर ह्या समजुतीची परीक्षा झाली. कमान पाहून बूट दिलेल्यांच्या दुखापती इतरांपेक्षां म्हणण्यासारख्या कमी झाल्या नाहींत. तेव्हां साधी कसोटी उरते ती आरामाची. जो बूट घालून दुकानाबाहेर चार पावलें धांवतांना कोठेंहि बोचत नाहीं, तो चांगला. दिवसभरांत पाय थोडा सुजतो, म्हणून बूट संध्याकाळीं घ्यावा. नेहमींचे मोजे घालून पहावा. सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याएवढी जागा रहावी. नाहींतर लांब धांवेंत नखें काळीं पडतात. दोन्ही पाय सारखे नसतात. मोठ्या पायाचें माप प्रमाण मानावें.

बुटाच्या तळांतील फेस हळूहळू दबून निर्जीव होतो. साधारणपणें ५०० ते ८०० किलोमीटर हें त्याचें आयुष्य. आठवड्यास वीस किलोमीटर धांवणाऱ्यास एक जोड सहा ते नऊ महिने पुरतो. विकत घेतल्याची तारीख आंतल्या जिभेवर लिहून ठेवावी, म्हणजे वरचें रूप पाहून फसगत होत नाहीं. कार्बनची पट्टी घातलेले महागडे बूट अतिवेगवान धांवपटूंसाठीं आहेत. सरावास ते नकोत. पावसाळ्यांत भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखालीं वाळवावे. कडक उन्हांत किंवा चुलीजवळ ठेवल्यास जोडाचा डिंक सुटतो.

आतां खरेदी कोठें करावी हें पाहूं. भिवंडीभोंवतालच्या प्रचंड गोदामांतून घरबसल्या मागविलेला माल दूरदूर जातो, आणि गांवांतल्या ग्राहकासहि तो तितक्याच सोयीनें मिळतो. परंतु गोदाम शेजारीं असलें तरी तेथें बूट पायांत घालून पाहतां येत नाहीं. म्हणून जीं साधनें अंगास बेतावीं लागतात, तीं दुकानांत जाऊन प्रत्यक्ष पाहून घ्यावीं. बूट, सायकल, हेल्मेट व चष्मा ह्यांत येतात. टोपी, दिवे, ट्यूब, पाण्याची बाटली ह्या गोष्टी घरीं मागविल्या तरी बिघडत नाहीं. वापरलेली सायकल घेणें शहाणपणाचेंहि ठरतें. मात्र सांगाड्याच्या जोडांवर चीर नाहीं ना, हें जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावें. वापरलेला बूट मात्र घेऊं नये. त्याचा फेस दुसऱ्याच्या पायाखालीं आधींच दबलेला असतो.

शर्यतीस नांव नोंदविल्यावर किरकोळ दोनतीन वस्तु लागतात : बुटास गांठ न मारतां ओढून बसविण्याची लवचीक नाडी, छातीचा क्रमांक अडकविण्याचा कमरपट्टा, आणि वाटल्यास तिन्ही भागांत अंगावर राहणारा एकसंध पोषाख. ह्या वस्तु थोडा वेळ वांचवितात. त्या शेवटीं घ्याव्या, पण सरावांत निदान दोनदां वापरून पहाव्या. शर्यतीच्या दिवशीं कोणतीहि वस्तु प्रथमच अंगावर चढवूं नये, हा नियम तर सर्व अनुभवी खेळाडू पाळतात. नव्या चष्म्यांत पाणी शिरलें, नव्या बुटानें फोड आला, तर महिनोनमहिने केलेल्या श्रमांवर तासाभरांत पाणी पडतें.

ज्या घरांत हा छंद शिरेल त्या घरानें खर्चाची वही अशी मांडावी : पहिल्या महिन्यांत शिक्षकाची फी, चष्मा, टोपी, पोषाख, हेल्मेट, दिवे आणि बूट, चौथ्या महिन्यापर्यंत गादीची चड्डी, छंद टिकला तर मापाची सायकल. ह्यापुढील सर्व वस्तूंना एक वर्ष थांबण्यास सांगावें. वर्ष सरेल तेव्हां त्यांपैकीं किती खरोखर हव्यात, हें दुकानदारापेक्षां खेळाडूचे स्वतःचे गुडघे, खांदे आणि दम अधिक नेमकें सांगूं शकतील.